राखीव खेळाडूंची सात नावं

ती सात नावं मी कापली. छापखान्यात उडाली नाहीत, फाईल खराब झाली नाही, फॉन्टनेही घोळ घातला नाही. एका बुधवारी दुपारी जेवण करून आल्यावर, ऑफिसात माझ्या खुर्चीत बसून, मी ती माउसने निवडली आणि काढून टाकली. मग ज्याने ती नावं मला दिली होती त्याला सांगितलं, की चूक छापखान्याची आहे. छापखाना चालवणारा माणूस माझा वीस वर्षांचा ओळखीचा. त्याला मी काही सांगितलंच नाही.

या लेखात मी कुणाचंच नाव घेणार नाही, माझंही नाही. ती सात नावं जिथे छापायची होती तिथे मी छापली नाहीत. आता स्वतःच्या कबुलीला वजन यावं म्हणून ती इथे वापरणं मला बरं वाटत नाही.

दुबईत, जबल अलीच्या एका स्टील यार्डात मी डॉक्युमेंट कंट्रोल बघतो. पुलांचे, गोदामांचे सांगाडे आम्ही बनवतो. त्यांची ड्रॉइंग्ज येतात, बदलतात, परत येतात. माझं काम एवढंच, की कुठलाही बदल नोंदीशिवाय होता कामा नये. ड्रॉइंगवर एक बोल्ट जरी काढला तरी त्या जागेभोवती ढगासारखी रेघ मारायची, रिव्हिजन नंबर टाकायचा, कुणी बदललं ते लिहायचं. नवीन पोरांना मी पहिल्या दिवशी हेच शिकवतो: काढलेलं दिसलं पाहिजे.

दुसरं माझं काम बिनपगारी. इथल्या आमच्या मराठी मंडळाची स्मरणिका गेली कित्येक वर्षं मी काढतो. तिच्यात लेख कुणी वाचत नाही. लोक मागची पानं उघडतात, कार्यकारिणीची, वर्गणीदारांची, मोदक करणाऱ्या बायकांची, आणि स्वतःचं नाव शोधतात. एखादं सुटलं की आठवडाभर फोन. त्यामुळे लेख कापायचा, कविता कापायची, पण यादी कापायची नाही, हा धडा मी फार आधी शिकलो होतो. म्हणून म्हणतो, मला माहीत नव्हतं असं नाही.

कंपनीत दर थंडीत फुटबॉलची स्पर्धा होते. यंदा कंपनीला पंचवीस वर्षं झाली म्हणून स्मरणिका काढायची ठरली आणि ती साहजिकच माझ्या गळ्यात पडली. सहा संघ, प्रत्येकाला एक पान, आपल्या संघाविषयी काहीतरी लिहा. पाच संघांनी ग्रुप फोटो पाठवून दिले. सहावा संघ व्हिएतनामी वेल्डर्सचा. त्यांचा फोरमन माझ्या केबिनमध्ये आला आणि म्हणाला, "फोटो नाही. हिस्टरी आहे."

मी त्यांना काका म्हणायचो. साठीला टेकलेले, बुटके, एका पायाने किंचित लंगडणारे. पहिल्यांदा काका म्हटलं तेव्हा अर्थ विचारला. सांगितला, तर म्हणाले, "बापाचा भाऊ? धाकटा की थोरला?" म्हटलं, दोन्ही. "आमच्यात दोघांना वेगळे शब्द. तुमच्यात शिस्त नाही," म्हणून हसले. मग तेच नाव यार्डभर झालं. आमचं बोलणं मोडक्या इंग्रजीत चाले. इथे मी ते मराठीत लिहितो आहे. खरं म्हणजे त्यात हातवारे जास्त आणि क्रियापदं कमी असत.

"कंपनीच्या संघाला कसली आलीय हिस्टरी, काका? दोन वर्षं झाली तुमचा संघ होऊन."

"कंपनीच्या नाही. आमच्या पोरांनी जे नाव घेतलंय त्या संघाची. सैन्याच्या संघाची."

तिथून तीन महिने, जेवणाच्या सुट्टीत, मी तो इतिहास ऐकत होतो. ते स्टीलच्या डब्यातून भात खायचे आणि चॉपस्टिकने टेबलावर मैदान काढायचे.

फ्रेंचांशी लढाई संपली त्या वर्षी सैन्याने हा संघ उभा केला. वेगवेगळ्या पलटणींतून पळणारे, लाथ जोरात मारणारे सैनिक निवडले. खेळाडू म्हणजे आधी सैनिक. हुद्दा होता, बराक होती, बिगुल वाजला की घोंगडी घडी करून उभं राहायचं आणि मग चेंडू. पगार हुद्द्याचा, गोलाचा नाही. हे मला लगेच कळलं. आपल्याकडेही कबड्डीत पोलिसांचा संघ, रेल्वेचा संघ, बँकेचा संघ असतोच. चढाई चांगली करतो म्हणून माणूस नोकरीला लागतो आणि निवृत्तीपर्यंत त्याच खात्याचा राहतो. मी तसं सांगितल्यावर काका खूश झाले. "बरोबर. पोलिसांचा संघ आमच्याकडेही. त्यांना हरवलं की राजधानीत लोक भांडी वाजवायचे."

मग अमेरिकन विमानं आली. राजधानीवर बॉम्ब पडायला लागल्यावर संघ खेड्यांत हलवला. भात कापून झालेल्या खाचरांत मॅच व्हायची. चेंडूत हवा सायकलच्या पंपाने. प्रेक्षक खंदकांच्या काठाला बसायचे, म्हणजे भोंगा वाजला की नुसतं मागे सरकलं तरी आत. "आणि स्कोअर?" मी विचारलं. "स्कोअर तसाच. विमान गेलं की पुढे चालू. ऑफसाईडवरून भांडण असेल तर तेही पुढे चालू."

लढाई संपली, देश एक झाला. लाल जर्सीतला हा संघ दक्षिणेत खेळायला गेला तेव्हा लोक झाडांवर, छपरांवर चढले होते. मग अजिंक्यपदं आली, एकामागून एक. काका अठराव्या वर्षी सैन्यात गेले आणि संघाच्या तरुण तुकडीत निवडले गेले. दोन वर्षं. गुडघा गेला. पहिल्या संघाची जर्सी अंगावर घालून एकही मॅच त्यांनी खेळली नाही, ती जर्सी धुतली मात्र पुष्कळ वेळा. नंतर सैन्याच्याच वर्कशॉपमध्ये वेल्डिंग शिकले आणि ते वेल्डिंग त्यांना इथपर्यंत घेऊन आलं.

इतिहासाचा उत्तरार्ध ते भराभर सांगायचे, डबा आवरता आवरता. लीग धंदेवाईक झाली. इतर संघांनी परदेशी स्ट्रायकर आणले. सैन्य आपल्या पगारात काय आणणार? संघ खालच्या गटात घसरला. मग सैन्याच्याच एका कंपनीकडे सोपवला आणि नाव बदललं. लोक जुन्या नावाचे फलक घेऊन मैदानात यायचे. नाव परत आलं. पुन्हा गेलं. शेवटी अख्खा संघ दूरच्या एका प्रांताला देऊन टाकला. मागे उरलं फक्त पोरांना शिकवण्याचं केंद्र. ती पोरं तळाच्या गटातून वर चढत आली आणि अलीकडे जुनं नाव पुन्हा छातीवर आलं.

"म्हणजे किती रिव्हिजन झाल्या?" मी विचारलं.

"तू मोज. मी फक्त जर्सी धुतो."

आणि मग ती सात नावं. हे सांगितलं त्या दिवशी काकांनी डबा उघडलाच नाही. तरुण तुकडीत त्यांना शिकवणारे प्रशिक्षक विमानांच्या काळात संघात राखीव खेळाडू होते. राखीव आठ जण. त्यातल्या सात जणांना आघाडीवर पाठवलं. आठवे हे प्रशिक्षक. त्यांचा पाय त्या महिन्यात प्लॅस्टरमध्ये होता, म्हणून ते राहिले. सातांपैकी कुणी परत आलं नाही. संघाच्या इतिहासाच्या पुस्तकात जे मॅच खेळले त्यांची नावं आहेत. हे सात बाकावरच बसलेले, मॅचच्या कागदांत नाहीत. त्यांनी आयुष्यभर ठिकठिकाणी विचारून पाहिलं. सगळीकडे सभ्य उत्तर: पुरावा द्या, यांना इथे कुणी ओळखत नाही.

प्रशिक्षक आता नव्वदीकडे आले होते. राजधानीच्या बाहेर नातीकडे राहत होते. काका दर रविवारी त्यांना फोन करायचे. काकांनी खिशातून घडीचा कागद काढला. सात नावं, पुढे गाव, पुढे जागा: डावा बचाव, उजवी बगल, गोलरक्षक.

"छापलेलं पाहिजे," काका म्हणाले. "कुठेही. छापलेलं असलं की ते असतं."

लेख मी इंग्रजीत लिहिला, टाईप बायकोने केला. ती एका शाळेच्या ऑफिसात काम करते, अशा कामात माझ्यापेक्षा काटेकोर. व्हिएतनामी अक्षरांवर टोप्या, ठिपके, रेघा असतात. त्या एकेक शोधून बसवताना ती म्हणाली, "एका अक्षरावर दोन-दोन दागिने! पण चुकायला नको हं. बिचाऱ्यांचं एकदाच छापून येणार." ती फाईल मी शारजाला छापखान्यात पाठवली. पान लागलं. मी काकांना स्क्रीनवर दाखवलं. त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवून सात मोजले आणि त्याच दिवशी प्रशिक्षकांना कळवलं.

छापायला जायच्या आदल्या दिवशी, त्या बुधवारी, आमच्या सर्वांत मोठ्या गिऱ्हाईकाच्या साहेबांचा शुभेच्छा संदेश आला. फोटोसह. आमचे मॅनेजर म्हणाले, "हा घ्यायलाच पाहिजे, यल्ला, चल लवकर, बघ कुठेतरी." स्मरणिका दोन फर्म्यांची, म्हणजे बत्तीस पानं. तेहतिसावं पान नसतं. कुठूनतरी एक तृतीयांश पान काढायचं होतं. मॅनेजरनी कुठून ते सांगितलं नाही. ते मी ठरवलं. संपादकाचं मनोगत होतं, माझ्या फोटोसह, ते मला दिसलंच नाही. दिसली ती सात ओळींची यादी, पुढे गावं, अक्षरांवर टोप्या आणि ठिपके. मनात आलेलं वाक्य मला शब्दशः आठवतं: यांना इथे कोण ओळखतंय?

कापली. नवी फाईल पाठवली. त्या पानावर मी ढग काढला नाही.

काकांना सांगायचं असं मनात होतं. गुरुवारी ते साईटवर होते, शुक्रवारी अर्धा दिवस. शनिवारी स्पर्धा. सकाळी मैदानावर गठ्ठे आले तेव्हा मी मुद्दाम पाण्याच्या टेबलाजवळ रेंगाळत राहिलो. काकांचा संघ लाल जर्सीत. त्यांचे वेल्डर्स असे पळत होते जणू कालपर्यंत कुणी त्यांना वाकवून बसवून ठेवलं होतं. पेंटर्सच्या संघाने उपान्त्य फेरीत त्यांना पेनल्टीवर हरवलं. काका काठीला टेकून ओरडत होते. माझ्या शेजारी येऊन म्हणाले, "डावा बचाव झोपलाय. माझा गुडघा त्याच्यापेक्षा बरा."

"काका, स्मरणिका..."

"मिळाली. पाठवली पण!" ते म्हणाले. त्यांचा एक वेल्डर त्याच दुपारच्या विमानाने रजेवर निघाला होता. काकांनी हातात आलेली पहिली प्रत, न उघडता, नव्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून त्याच्याकडे दिली होती. "पहिली प्रत त्यांची. मी नंतर बघेन."

तेव्हाच बोलायला हवं होतं. वेल्डर अजून विमानतळावरच असणार होता. मी टाळ्या वाजवत उभा राहिलो.

घरी डिस्कव्हरी गार्डन्समध्ये बायकोने स्मरणिका चाळली. "नावं कुठेत?"

"जागा नव्हती. साहेबांचा संदेश आला."

तिने पान मागे-पुढे केलं. "आणि हा तुझा फोटो कुठल्या जागेत बसला?" मी टीव्हीचा रिमोट शोधायला लागलो. "मागच्या वर्षी मंडळाच्या यादीत माझं नाव राहिलं होतं, तेव्हा त्या प्रेसवाल्याला तीन दिवस जेवू दिलं नव्हतंस तू. आठवतंय?"

"सांगतो काकांना."

"कधी?"

"सांगतो म्हटलं ना."

सोमवारी काका केबिनमध्ये आले. दार लावून घेतलं. एवढ्या वर्षांत त्यांनी कधी दार लावलं नव्हतं. रविवारी प्रशिक्षकांच्या घरी सगळे जमले होते. नातीने चहा केला, शेजारी बोलावले. प्लॅस्टिक उघडलं. नातीने पान काढलं, वाचलं, शेवटापर्यंत गेली आणि थांबली. म्हाताऱ्याने विचारलं, कुठल्या पानावर? तिने पुन्हा सगळी बत्तीस पानं उलटली. मग ते म्हणाले, "तिथेही नाही म्हणाले का?" आणि आत जाऊन झोपले.

"नाही म्हणाले का?" काकांनी मला विचारलं. "कंपनी नाही म्हणाली? कुणी? सांग मला."

त्यांचा चेहरा रागावलेला नव्हता. घाबरलेला होता. मला सोपी वाट दिसली. "नाही हो काका. कुणी नाही म्हणालं नाही. प्रेसमध्ये उडाली असणार. टोप्या-ठिपके होते ना, मशीनला कळत नाही कधी कधी."

"मशीन." त्यांनी श्वास सोडला. "फक्त मशीन?"

"फक्त मशीन."

"मग एक कागद. चूक झाली असा एक कागद छापून देतील?"

"विचारतो," मी म्हणालो. आणि विचारलं नाही. एक आठवडा गेला, दोन गेले. काका रोज खिडकीतून भुवया उंचावायचे, मी हात हलवायचो: बिझी आहेत ते. बायको रात्रीच्या जेवणाला वाढताना नुसती बघायची. यार्डातून चालताना काकांचं लाल हेल्मेट दिसलं की मी वाट बदलायचो. मला बसवेना. मीटिंगमध्ये उठून पाणी प्यायला जायचो आणि न पिताच परत यायचो. ड्रॉइंगवरचे ढग बघवेनासे झाले.

तिसऱ्या आठवड्यात काका हसत आले. हातात ब्राऊन पाकीट. स्मरणिकेच्याच कागदावर, त्याच अक्षरात, त्याच आकाराचं पान. वर तोच मथळा, खाली सात नावं, एकही टोपी न चुकता. तळाशी इंग्रजीत एक ओळ: छपाईच्या वेळी आमच्याकडून राहून गेलेला मजकूर. क्षमस्व. त्याखाली छापखान्याचा शिक्का.

"मी गेलो," काका म्हणाले. "रविवारी. दोन बस बदलून. शारजा. तुझा मित्र चांगला माणूस. चहा दिला. म्हणाला, चूक माझी." पंचवीस प्रती होत्या. पाच त्यांनी कुरिअरने पाठवल्याही होत्या.

मी पान हातात धरून उभा होतो. छापखानावाल्याला मी दोन फायली पाठवल्या होत्या, नावांसह आणि नावांशिवाय. त्याला पहिल्या वाक्यातच सगळं कळलं असणार.

पान पोहोचलं. प्रशिक्षकांनी ते जेवणाच्या टेबलावरच्या काचेखाली ठेवलं. नातीला म्हणाले, मशीन होतं होय, माणूस नव्हता. काका मला हे सांगत होते तेव्हा त्यांचे डोळे ओले होते. मी स्वतःला समजावलं, की झालं, खलास, म्हातारा सुखी आहे, आता खरं सांगून कुणाचं भलं होणार? आठ-दहा दिवस हे चाललं. मग काकांनी आणखी एक गोष्ट मागितली. मे अखेर त्यांचं काँट्रॅक्ट संपत होतं, कायमचे घरी जाणार होते.

"त्यांना तुझा फोटो पाहिजे. ज्याने लिहिलं त्याचा. काचेखाली, पानाशेजारी ठेवायचा म्हणतात."

"माझा कशाला, काका?"

"सातांजवळ कुणीतरी बसलेलं पाहिजे म्हणतात."

मी उद्या देतो म्हणालो. रोज म्हणत राहिलो. स्मरणिकेत होता तोच फोटो माझ्या मोबाईलमध्ये होता, एका बोटाचं काम. मी एकदा पाठवायला घेतला आणि फोन उलटा ठेवून दिला.

आधी शारजाला गेलो. छापखानावाले रत्नागिरीकडचे, अल मजाजला खाडीच्या कडेला एका टॉवरमध्ये कुटुंबासह राहतात. मला बघून म्हणाले, "या साहेब, आठवण झाली म्हणायची." पाण्याच्या कडेने आम्ही चालत होतो. मी चार वेळा सुरुवात केली, तेव्हा तेच बोलले.

"पहिली फाईल होती माझ्याकडे. काय ते कळलं."

"मग सांगितलं का नाहीत त्यांना?"

"कसं सांगणार? म्हातारा माणूस, दोन बस बदलून आलेला, टोपी हातात घेऊन उभा. चूक माझी नाही म्हणून दारातून परत पाठवू? माझी बाजू काय, पुढे कधीतरी मांडता आली असती. त्याच्या त्या मास्तरांकडे वेळ नाही म्हणाला."

"भाई, मी तुमचं नाव..."

"घेतलंत. वीस वर्षं तुमच्या मंडळाच्या चुका मी माझ्या अंगावर घेतोय, त्यात एक. काना राहिला, प्रेस. मात्रा राहिली, प्रेस." ते हसले, मग थांबले. "पण साहेब, ही चूक नव्हती. ही मला नाही ओ पचत. मी त्या कागदावर शिक्का मारलाय माझा. खोट्यावर मारलाय. घरात नमाज पढतो मी."

मी माफी मागितली. ते म्हणाले, "माझी मागितलीत, बरं केलंत. पण माल चुकीच्या पत्त्यावर उतरवताय."

पुढच्या शनिवारी दुपारी मी इंटरनॅशनल सिटीत काकांच्या खोलीवर गेलो. सहा जणांची खोली, इतर पाच जण बाजाराला गेलेले. मधोमध दोन मोठी खोकी दोरीने बांधलेली. काका तिसऱ्यावर टेप लावत होते. "फोटो आणलास?"

"नाही."

मी उभाच राहिलो. सांगितलं, मशीन नव्हतं. बुधवार सांगितला, संदेश, फर्मा, बत्तीस पानं सांगितली. टेपचा आवाज थांबला होता.

"साहेबांनी सांगितलं, ही काढ म्हणून?"

"नाही. जागा कर एवढंच सांगितलं. काय काढायचं ते मी ठरवलं."

"हीच का?"

बनवून सांगायला काही उरलं नव्हतं. "यांना इथे कोण ओळखतंय, असं वाटलं."

काका खोक्यावर बसले. गुडघा चोळू लागले. "तिथेही असंच म्हणाले होते," ते म्हणाले. "हेच वाक्य." मग: "त्यांना काय सांगू मी? टेबलावर काच आहे. रोज तिथे जेवतात."

"तुम्ही म्हणाल ते."

"नाही. गेल्या वेळी मी सांगितलं मशीन, कारण तू सांगितलंस. आता तू सांग. मी फक्त भाषा बदलतो."

त्यांनी फोन लावला. तिकडे संध्याकाळ झाली होती. आधी नात दिसली, मग फोन हलला आणि एक बारीक, स्वच्छ दाढी केलेला म्हातारा चेहरा, अगदी जवळ. काका काहीतरी बोलले. चेहऱ्यावर हसू आलं आणि त्यांनी हात उंचावला. मीच तो, लिहिणारा, असं सांगितलं असणार. मागे टेबलाची कड दिसत होती, काचेवर दिव्याची तिरीप.

मी घरून वाक्यं पाठ करून आलो होतो. त्यातलं एकही आठवलं नाही. मी एक वाक्य बोलायचो आणि थांबायचो. काका माझ्याकडे न बघता फोनकडे बघून ते त्यांच्या भाषेत म्हणायचे.

"आजोबा, तुमची सात नावं मशीनने खाल्ली नाहीत. ती मी कापली. कुणी नाही म्हणालं नव्हतं, कुठल्या साहेबाने नाही, कंपनीने नाही. मला एका फोटोसाठी जागा हवी होती. माझा स्वतःचा फोटो त्याच पुस्तकात होता, तो मी काढला नाही. मग मी तुमच्या या विद्यार्थ्याशी खोटं बोललो, आणि ज्याने तुम्हाला तो कागद छापून दिला त्याचा काहीच दोष नव्हता, त्याच्यावर ते टाकलं. तुम्ही माझा फोटो मागितला होता. तो मी पाठवणार नाही, त्या सातांशेजारी बसण्याची माझी लायकी नाही. मला माफ करा. त्या सात जणांनीही करावं."

शेवटच्या वाक्याशी काका अडले. मग फोन दुसऱ्या हातात घेऊन त्यांनी तेही सांगितलं.